तारीख खोड, मग पुढचं वाच

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तू स्वतः काढतोयस त्या कादंबरीच्या कामांची यादी मिळाली. वहीची दोन पानं, बारीक अक्षर, ४३ कामं. काहींपुढे प्रश्नचिन्ह, काहींपुढे बाण, आणि सगळ्यांच्या वर लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलेली प्रकाशनाची तारीख. खाली लिहिलंयस, ‘ताई, आधी काय करू तेच सुधरत नाहीये. झोप येत नाही.’

रात्री मी ती यादी तीनदा वाचली. ४३ कामांनी कुणाची झोप उडत नाही. कामं एकेक करून होतात. तुझी झोप त्या लाल शाईनं उडवली आहे. ती तारीख खोड. मग पुढचं वाच.

खोडली नसशील. मीही खोडली नव्हती.

माझी पहिली कादंबरी मी स्वतः काढली तेव्हा हस्तलिखित पुरतं तपासून व्हायच्या आत तारीख जाहीर करून बसले. हातात नऊ आठवडे होते. मग जे व्हायचं तेच झालं. संपादन चालू असतानाच अक्षरजुळणी सुरू केली, जुळणी चालू असताना मुखपृष्ठ करायला दिलं, आणि मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासत असताना मी अजून लिहीतच होते. शेवटच्या आठवड्यात अकराव्या प्रकरणात चार ओळी वाढवल्या. फक्त चार. ते प्रकरण पानाच्या अगदी तळाशी संपत होतं. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चौकटीत ओतलेला असतो. चौकट भरली की उरलेल्या ओळी फाइलमध्ये असतात, पण पानावर दिसत नाहीत आणि छापल्याही जात नाहीत. चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीक लाल खूण तेवढी उमटते. ती बघायला ताजे डोळे लागतात. रात्री दोन वाजता ते ना माझ्याकडे होते, ना जुळणी करणाऱ्याकडे. मी वर चार ओळी घातल्या आणि खालच्या चार गेल्या. ज्या चार ओळींसाठी अख्खं प्रकरण लिहिलं होतं, त्याच. छापून आलेलं प्रकरण ‘तिनं दार उघडलं आणि’ इथे थांबत होतं.

५०० प्रती होत्या. मला कळेपर्यंत १८० गेल्या होत्या. उरलेल्या ३२० प्रतींसाठी मी त्या चार ओळींच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या, कात्रीनं कापल्या आणि प्रत्येक प्रतीत पान १४२ च्या तळाला गोंदानं चिकटवल्या. गोंद ओला असताना पान मिटलं की समोरच्या पानाला चिकटतं, म्हणून मध्ये कागदाचा कपटा ठेवायचा, वाळल्यावर काढायचा, पुढची प्रत घ्यायची. दोन आठवडे चाललं होतं ते.

गेलेल्या १८० प्रतींपैकी एका वाचकाचं मला पत्र आलं. ‘अकराव्या प्रकरणाचा शेवट तुम्ही वाचकावर सोडलात, हे धाडस फार थोडे लेखक करतात.’ मी त्यांना आभाराचं उत्तर पाठवलं. खरं काय ते सांगितलं नाही. १९ वर्षं झाली, ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. चिठ्ठ्या चिकटवण्याचे कष्ट मी विसरले, ते आभार विसरू शकलेले नाही.

म्हणून सांगते, तारीख ठरवू नकोस.

आता तुझी यादी. पुस्तक नीट निघावं ही तळमळ तुला आहे, ती काही मला शिकवायला नको. तुझी चूक इतकीच, की तू कामं एकाखाली एक लिहिलीस आणि ती एकमेकांत अडकलेली आहेत. मुखपृष्ठ तू सातव्या क्रमांकावर टाकलंयस आणि पानांची मांडणी एकविसाव्या. का, तर चित्रकार मोकळा आहे म्हणून. अरे, मुखपृष्ठ म्हणजे नुसतं पुढचं चित्र नव्हे. पुढची बाजू, मागची बाजू आणि मधला कणा मिळून ते एक अखंड पान असतं. कण्याची रुंदी पानांच्या संख्येवर आणि कागदाच्या जाडीवर ठरते. समजा २५६ पानं, म्हणजे १२८ कागद. एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर कणा १२.८ मिलिमीटर. पुढे संपादनात पानं वाढून २८८ झाली की तोच कणा १४.४ होतो. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं तुला वाटेल. कण्यावरचं नाव तेवढंच सरकतं आणि पुस्तक कपाटात उभं केलं की वाकडी टोपी घातल्यासारखं दिसतं. चित्र आत्ता काढून घे हवं तर, पण छपाईची फाइल पानसंख्या पक्की झाल्यावर, कागद हातात घेऊन बघितल्यावर. चित्र ३०० डीपीआयचं, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांचं हवं, चारही बाजूंनी कापायला ३ मिलिमीटर जास्तीचं हवं, आणि पडद्यावर दिसणारा तो झगझगीत निळा छापून तसा येणार नाही, याची तयारी ठेव. पडदा प्रकाशानं रंग दाखवतो, कागद शाईनं. तुझ्या चित्रात तो निळाच फार आहे. आणि मित्र असला तरी चित्रकाराकडून लिहून घे, की छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, जाहिरात या सगळ्यांसाठी चित्र वापरायला त्याची हरकत नाही. मैत्रीत कागद मागायला अवघड वाटतं, पण मागाहून मागताना जास्त अवघड वाटतं.

पानांची संख्याही आपल्या मनावर नसते. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घालतात, त्यातून साधारण सोळा पानांचा एक फॉर्म होतो. तुझं पुस्तक २५८ पानांवर संपलं तर ती दोन पानं तुला महागात पडतील किंवा शेवटी कोरी पानं दिसतील. अशा वेळी समास थोडा आवळता येतो, एखादं अर्पणपत्रिकेचं पान हलवता येतं. घाईत काय आवळलं जातं माहीत आहे? अक्षर. वाचकाच्या डोळ्यांनी तुझ्या घाईची किंमत मोजायची.

संपादन तू ‘एक काम’ म्हणून लिहिलंयस. ती तीन कामं आहेत. एक जण कादंबरीचा सांगाडा बघतो: हे प्रकरण इथे का, हा माणूस मधेच कुठे गेला. दुसरा भाषा बघतो. तिसरा, अगदी शेवटी, छपाईची पानं तयार झाल्यावर मुद्रितं तपासतो. एकच माणूस ही तिन्ही कामं करू शकत नाही आणि तू तर एकही नीट करू शकत नाहीस, कारण तू कागदावर जे आहे ते न वाचता तुझ्या मनात जे आहे ते वाचतोस. मीही तसंच वाचते. संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीवर विसंबू नकोस. ‘दिन’ही खरा शब्द आणि ‘दीन’ही. तू काही प्रकरणं जुन्या फॉन्टमध्ये लिहिलीयस ना? ती युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, ‘दुसऱ्या’तला अर्धा र गायब होतो. हे पडद्यावर नजरेतून निसटतं. कागदावर छाप, ओळीखाली पट्टी धर आणि मोठ्यानं वाच. दिवसाला एक फॉर्म, त्याहून जास्त नाही, कारण सतराव्या पानाला डोळा थकतो आणि थकलेल्या डोळ्याला सगळंच बरोबर दिसतं. २८८ पानं झाली तर अठरा फॉर्म, म्हणजे अठरा दिवस. तुझ्या यादीत या कामाला तू तीन दिवस दिलेत. तीन दिवस! तारीख डोक्यावर बसली की माणूस असे हिशेब करतो.

आयएसबीएनबद्दल, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाबद्दल विचारलंयस. तो १३ अंकी असतो, २००७ पासून, त्याआधी १० अंकी होता. छापील पुस्तकाला वेगळा आणि ई-पुस्तकाला वेगळा घ्यायचा, एकच दोन्हीकडे चालत नाही. नुसतं पुनर्मुद्रण केलंस तर तोच राहतो, मजकुरात मोठे बदल करून नवी आवृत्ती काढलीस तर नवा. एखाद्या संकेतस्थळानं स्वतःहून दिलेला क्रमांक घेशील तर बऱ्याचदा नोंदीत प्रकाशक म्हणून त्यांचं नाव लागतं, आणि तो क्रमांक दुसरीकडे नेता येत नाही. अर्ज करून वाट बघायची असते. तारीख नसली की वाट बघणं सोपं जातं.

परवानगीचं तर तू लिहिलंच नाहीस. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तू एका गाण्याच्या ओळी घातल्यास. तुझ्या कादंबरीवर तुझा हक्क लिहिल्या क्षणापासून आहे, त्यासाठी नोंदणीची अट नाही. पण तोच न्याय त्या गीतकारालाही आहे. पत्र लिही, उत्तराची वाट बघ. उत्तर आलं नाही तर ओळी काढ. ‘तोवर तारीख आली म्हणून राहू दिल्या’ हे कारण कुणी ऐकून घेत नाही.

ई-पुस्तक, दुकानांचं कमिशन, प्रती ठेवायची जागा, पार्सलं, हिशेबाची वही, यांवर मी पानं भरणार नाही, तू ते करशील. इतकंच, की छापील पानाची पीडीएफ म्हणजे ई-पुस्तक नव्हे. ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, मजकूर पडद्याच्या मापानं वाहतो, पानांचे आकडे उरत नाहीत, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून मोबाइलवर वाचावं लागतं.

तू पत्रात अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमनचा दाखला दिलास. त्यानं १८५५ साली आपल्या बारा कविता स्वतःच छापून घेतल्या आणि पुढे आयुष्यभर सुधारत राहिला, मग मीही पुढच्या आवृत्तीत सुधारेन, असं तुझं म्हणणं. राग आला मला हे वाचून. व्हिटमननं छापखान्यात उभं राहून त्यातल्या काही पानांचे अक्षरांचे खिळे स्वतः जुळवले होते. त्याला प्रत्येक ओळ बोटांनी माहीत होती. आणि १८९२ मध्ये जाईपर्यंत तो ते पुस्तक वाढवत राहिला ते त्यात नव्या कविता येत होत्या म्हणून. कादंबरी अशी वाढत नाही. वाचक ती एकदा वाचतो. त्याच्या हातात गेलेली प्रत हीच त्याच्यापुरती शेवटची आवृत्ती. माझ्या १८० वाचकांची तीच होती.

‘तारीख नसेल तर काहीच पुरं होत नाही’ असंही तुला कुणीतरी सांगितलंय. मला गेली १९ वर्षं सगळे हेच सांगतात. माझ्या तिसऱ्या कादंबरीला सहा वर्षं लागली तेव्हा लोक म्हणाले, हिचं संपलं. लिहून चार वर्षांत झाली होती, उरलेली दोन या कामांत गेली.

त्या दोन वर्षांचं तुला सांगितलं पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धंच खरं होईल. माझं मुद्रित एक जुना मित्र तपासत असे. आजारी होता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. जुळणी झाली होती, मुखपृष्ठ तयार होतं, मी हो म्हटलं असतं तर महिन्याभरात पुस्तक आलं असतं. तेव्हा त्यानं पान १८३ वर समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘ही खिडकी दुसऱ्या प्रकरणात पूर्वेला आहे. इथे तिच्यातून सूर्यास्त कसा दिसतो?’ अख्खं प्रकरण त्या संध्याकाळच्या उजेडावर उभं होतं. खिडकी हलवायची तर घर हलत होतं, उजेड बदलायचा तर दोघांमधलं बोलणं बदलत होतं. तो म्हणाला, राहू दे, कुणाच्या लक्षात येणार नाही. मी म्हटलं, तुझ्या आलं. प्रकरण पुन्हा लिहायला मला पाच महिने लागले. चौथ्या महिन्यात तो गेला.

मी तारीख ठरवली असती तर त्यानं ते पुस्तक हातात घेतलं असतं. हे मला त्याच्या बायकोनं कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. मी चुकले असं तू म्हणशील, कधीकधी पहाटे मीही म्हणते. पण त्याच्या शेवटच्या खुणेवरून पुढे जाऊन मी चुकीचा सूर्यास्त छापला असता, तर पुस्तक त्याच्या हातात देताना मी काय दिलं असतं? त्या वेळीही मी तारीख ठरवली नाही, आणि पुन्हा तसं झालं तरी ठरवणार नाही. तुला हा हट्ट वाटेल. असू दे.

प्रती बांधून घरी येऊ देत. गठ्ठ्याच्या मधल्या पाच प्रती काढ आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटून बघ, कारण बांधणीत एखादा फॉर्म गळतो किंवा दोनदा लागतो. त्या पाचही धड निघाल्या की त्या दिवशी तारीख ठरव, मी येईन.

आत्ता पहिले दोन फॉर्म कागदावर छापून पाठव. पानाच्या एकाच बाजूला, समास रुंद ठेवून. मला बारा दिवस लागतील, चौदाही लागतील, मध्ये फोन करू नकोस. आणि उद्या सकाळी सभागृहवाल्यांशी बोल. आगाऊ भरलेले पैसे परत देतात का विचार. नाही दिले तर सोडून दे.

तुझी,
ताई