माहितीच्या भडिमारामुळे माणसं कमी शहाणी होत चालली आहेत का?

हो, असं मला वाटतं. पण माहिती जास्त झाली म्हणून डोकं चालेनासं होतं, असं मी म्हणणार नाही. माहिती वाढली की आपल्याला कळलंय ही खात्री वाढते, कळणं मात्र होतं तिथेच राहतं. खरं नुकसान या तफावतीत आहे.

स्टुअर्ट ऑस्कँप या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात ३२ जण होते: काही मानसोपचाराच्या क्षेत्रातले मानसशास्त्रज्ञ, बाकीचे मानसशास्त्राचे विद्यार्थी. एका माणसाची हकीकत त्यांना चार टप्प्यांत वाचायला दिली आणि प्रत्येक टप्प्यानंतर त्याच्याविषयी तेच २५ प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, म्हणजे न वाचता खुणा केल्या तरी साधारण २० टक्के बरोबर यावेत. पहिल्या टप्प्याला २६ टक्के उत्तरं बरोबर आली. सगळं वाचून झाल्यावर जेमतेम २८. पण आपली किती उत्तरं बरोबर असतील, हा त्यांचा स्वतःचा अंदाज ३३ टक्क्यांवरून ५३ वर गेला होता! हा विषय त्यांच्या रोजच्या अभ्यासातला होता, आणि तेव्हा इंटरनेटही नव्हतं.

मी हे स्वतः अनुभवलंय. आईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा मी तीन रात्री जागून वाचत होते. आजारांची नावं, तपासण्या, औषधं, दुसऱ्यांचे अनुभव. डॉक्टरांसमोर बसले तेव्हा मला बरंच काही माहीत होतं. त्यांनी विचारलं, "जेवणाआधी दुखतं की नंतर?" मी आईकडे पाहिलं. तीन दिवसांत हे तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की माहिती आपलं लक्ष खाते, म्हणून माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो. त्या तीन रात्री आईच्या वाट्याचं लक्ष स्क्रीनने खाल्लं.

ही तक्रार जुनी आहे, हेही मान्य. लिहून ठेवायची सोय झाली की माणसं शहाणपणाचा नुसता आव आणतील, असं प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलंय. तरी लिहिण्या-वाचण्याने माणसाचं भलंच झालं. पण पुस्तक मिटलं की ते गप्प बसायचं आणि वाचलेलं मनात मुरायला वेळ मिळायचा. आता एक संपायच्या आत पुढचं समोर येतं, ते मला जास्त घातक वाटतं.

हल्ली काही शोधण्याआधी मी कागदावर लिहिते: मला नेमकं काय विचारायचंय, आणि ते कुणाला विचारता येईल. बऱ्याचदा ते माणूस घरातच असतं.