वादळाआधी घरात काय भरून ठेवाल?

प्रश्न : ताई, आम्ही पाथर्डी फाट्याला पाचव्या मजल्यावर राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन वर्षांची मुलगी. सासूबाईंना रोज इन्सुलिन लागतं. अरबी समुद्रात वादळाची बातमी आली की त्या सामान भरून ठेवा म्हणतात आणि आमचे हे म्हणतात, नाशिकला कुठं समुद्र आहे! खरंच तयारी करावी का, आणि काय ठेवावं?

उत्तर : सासूबाईंचं ऐका. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि जोर ओसरत ओसरत आपल्याकडे पाऊस-वारा घेऊन आलं. किनाऱ्यावरचं थैमान इथं होत नाही, पण झाड तारांवर पडतं आणि वीज जाते. पाचव्या मजल्यावर वीज गेली म्हणजे पाणीही गेलं, कारण सोसायटीच्या टाकीत पाणी मोटरच चढवते. गंगापूर धरणाचं पाणीसुद्धा पंपानेच शहरात येतं. लिफ्ट बंद, फ्रिज बंद, मोबाइल उतरलेला.

म्हणून आधी पाणी. माणशी दिवसाला ३ लिटर पिण्याचं धरा. चौघांना तीन दिवसांचे ३६ लिटर होतात, म्हणजे २० लिटरचे दोन जार. बाथरूममधले ड्रम, बादल्या, मोठी पातेली वापरायच्या पाण्याने वेगळी भरा. नंतर नळाला गढूळ पाणी आलं तर गाळून, उकळून प्या. क्लोरीनचे थेंब असतील तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा.

मग औषधं. माझं पंचवटीत औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हे जरा पोटतिडकीने सांगते. वादळाची बातमी आली की लोक मेणबत्त्या आणि बिस्किटं नेतात, रोजची गोळी मात्र दोनच उरलेली असते. सासूबाईंची औषधं निदान दोन आठवड्यांची असू द्या, सुया आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांसकट. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक कागद पिशवीत.

इन्सुलिनची धास्ती घेऊ नका. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर टिकतात. तुमच्या इन्सुलिनसोबतच्या कागदावर मुदत असते, तीच पाळा. न उघडलेल्यांसाठी वीज गेल्यावर फ्रिज उघडू नका, दार बंद राहिलं तर सुमारे चार तास गारवा टिकतो. त्यानंतर आपली जुनी युक्ती : परातीत ओली वाळू, त्यात मातीचं मडकं, मडक्यात झाकणाच्या कोरड्या डब्यात इन्सुलिन, वर ओलं फडकं. वाळू आणि फडकं सुकू द्यायचं नाही. बर्फाला मात्र थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

खायचं फार अवघड नाही, गॅस तर चालूच राहणार. एक भरलेलं सिलिंडर हाताशी असावं. इंडक्शनवर सगळा स्वयंपाक करत असाल तर ही सवय पावसाळ्यापुरती मोडा. चुलीशिवाय चालणारं थोडं असू द्या : सातूचं पीठ, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, कुरमुरे, दुधात मळलेल्या दशम्या. सातूचं पीठ मला सगळ्यात आवडतं. गूळ-पाण्यात कालवलं की लेकरूही खातं. सासूबाईंना गूळ घालू नका, मीठ-जिरं घालून ताकात द्या. साखर उतरली तर लागेल म्हणून त्यांच्या उशाशी ग्लुकोजची पुडी मात्र हवीच. मुलीसाठी दुधाची पावडर आणि ओआरएस.

बाकी टॉर्च आणि सेल, चार्ज केलेली पॉवर बँक, आकाशवाणी नाशिक लागेल असा छोटा रेडिओ. मेणबत्ती नको, दोन वर्षांचं मूल आणि उडणारे पडदे आहेत घरात. थोडे सुटे पैसे ठेवा, नेटवर्क नसलं की यूपीआय चालत नाही. बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या. पाचव्या मजल्यावरून कुंडी पडली तर खालच्या माणसाचा जीव जाईल.

प्रश्न : आमचं घर गोदाघाटाजवळ, तळमजल्यावर. आम्ही काय वेगळं करावं?

उत्तर : तुमचं सामान उचलून नेता येईल असं हवं. कागदपत्रं, औषधं, टॉर्च, मुलांचे कपडे प्लास्टिकमध्ये बांधून एकाच पिशवीत, आणि पिशवी माळ्यावर नको, दाराजवळच्या खुंटीला. २००८, २०१६, २०१९ चे पूर तुम्ही पाहिलेत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते बघत बसू नका; गंगापूर धरणाचा विसर्ग वाढवल्याचं कळलं की म्हातारी माणसं आणि मुलं आधी हलवा. निघताना हात कोरडे असतानाच मेन स्विच बंद करा, रेग्युलेटर काढा, रिकामं सिलिंडर बांधून ठेवा, ते तरंगतं. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

परतल्यावर पुराचं पाणी लागलेलं पीठ-धान्य आणि औषधाच्या पट्ट्या टाकून द्या, वरून कोरड्या दिसल्या तरी. बीपीची गोळी त्याच दिवशी नवी घ्या, चुकवू नका.