प्रश्न तुमचे, कात्री माझी : कॅप्टनच्या गालावरचे ओरखडे

मागच्या अंकात मी 'स्टार ट्रेक' या साठच्या दशकातल्या जुन्या अमेरिकन अंतराळ-मालिकेचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांची रांगच लागली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची, ते नागपुरात इतक्या जणांच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत निम्मे संवाद ऐकूच यायचे नाहीत, म्हणून आम्ही चित्र जास्त बघायचो. कदाचित त्यामुळेच आलेली बहुतेक पत्रं चुकांबद्दल आहेत. मी जन्मभर सीताबर्डीवर लग्नाच्या कॅसेटी जोडत बसलो. त्यामुळे ही पत्रं माझ्याच गल्लीतली म्हणायची.

प्रश्न : 'द एनिमी विदिन' या भागात एंटरप्राइझ यानाच्या कॅप्टन कर्कचे दोन कर्क होतात, एक भला आणि एक दुष्ट. दुष्ट कर्कच्या गालावर यानावरची कर्मचारी रँड ओरखडे काढते. पण मध्येच एका शॉटमध्ये ते ओरखडे दुसऱ्या गालावर दिसतात! एवढी ढोबळ चूक कोणाच्याच लक्षात कशी आली नाही? (एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : बाई, लक्षात आली असणार. निदान एका माणसाच्या तरी. तो शॉट आरशातल्यासारखा उलटा छापलेला आहे. खात्री करायची असेल तर त्या शॉटपुरतं ओरखड्यांकडे बघू नका, केसांचा भांग बघा आणि छातीवरचं चिन्ह बघा. ते चिन्ह नेहमी डाव्या छातीवर असतं. मेकअपवाल्याने चुकून दुसरा गाल रंगवला असता तर भांग आणि चिन्ह जागेवर राहिले असते. इथे सगळंच एकदम बाजू बदलतं, म्हणजे फिल्मच पलटली.

फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि दुसरी मंद. ती पालथी धरून छापली की डावं उजवं होतं. हे चुकून क्वचित घडतं. मुद्दाम करायचं कारण मात्र नेहमी एकच असतं : नजर. दोन माणसं समोरासमोर बोलताहेत असं दाखवायचं तर एकाने पडद्याच्या डावीकडे बघायला हवं आणि दुसऱ्याने उजवीकडे. दोघंही एकाच बाजूला बघू लागले तर ते एकमेकांशी बोलत नसून दोघं मिळून तिसऱ्याच कोणाला तरी शोधताहेत असं वाटतं. आता इथे दोन्ही कर्क म्हणजे विल्यम शॅटनरच. एकदा हा बनून, एकदा तो बनून. सहा-एक दिवसांत अख्खा भाग उरकायचा. त्यात एखाद्या जवळच्या शॉटमध्ये नजर चुकीच्या बाजूला गेली, तर सेट मोडल्यावर ती परत कोण आणणार?

मला त्या पलटलेल्या शॉटमध्ये संकलकाचा हिशोब दिसतो. एका पारड्यात ओरखडे, दुसऱ्यात नजर. त्याने नजर वाचवली. माझ्या लेखी ही चूक नाहीच, हा निर्णय आहे, आणि बरोबर निर्णय आहे. चुकीच्या गालावरचा ओरखडा शंभरातले पाच प्रेक्षक पकडतात. चुकलेली नजर पकडत कोणीच नाही, पण प्रसंग पडल्याचं सगळ्यांना जाणवतं.

लग्नाच्या कॅसेटमध्येही हाच पेच यायचा. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात तेव्हा दोन कॅमेरे दोन बाजूंना असायचे आणि जोडताना दिशा जुळायची नाही. व्हिडिओ मिक्सरवर शॉट उलटवायचं बटण होतं. पण उलटवला की नवरदेव डाव्या हाताने घास भरवताना दिसायचा, आणि घरातल्या आजी पहिलं तेच बघायच्या. म्हणून आमचा नियम होता : आधी हात बघायचे, मग बटण दाबायचं. कर्कच्या संकलकाला आजीची भीती नव्हती.

प्रश्न : त्याच भागात यानावरचा सुलू आणि इतर जण गोठवणाऱ्या ग्रहावर अडकतात, कारण माणसांना क्षणात इकडून तिकडे पाठवणारा ट्रान्सपोर्टर बिघडलेला. मग छोटं यान पाठवून त्यांना आणलं का नाही? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

उत्तर : कारण यानच नव्हतं बाप्पा! कथेत नव्हे, स्टुडिओत. 'द एनिमी विदिन' 6 ऑक्टोबर 1966 ला प्रक्षेपित झाला. शटलक्राफ्ट, म्हणजे ते छोटं यान, पडद्यावर पहिल्यांदा दिसलं 'द मेनाजरी'च्या पहिल्या भागात, 17 नोव्हेंबर 1966 ला. असं यान उभारायला पैसे लागतात आणि नव्या मालिकेकडे ते नव्हते. शेवटी एएमटी या खेळण्यातली मॉडेलं विकणाऱ्या कंपनीने पूर्ण आकाराचं यान बनवून द्यायची व्यवस्था केली. बदल्यात तिला मालिकेतल्या यानांच्या मॉडेल-किट विकायचे हक्क मिळाले. मुळात ट्रान्सपोर्टर ही कल्पनासुद्धा काटकसरीतून आली. दर भागात अख्खं यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसंच चमचमत अदृश्य केली.

आणि शटलक्राफ्ट आल्यावर नवीन गंमत सुरू झाली. बाहेरून ते जेवढं दिसतं त्यात माणूस वाकूनच मावेल, पण आतल्या सेटवर सगळे ताठ उभे राहून फिरतात. आत कॅमेरा आणि दिवे मावायला हवेत ना.

प्रश्न : कर्कचा शर्ट कधी पिवळा, कधी हिरवा का? (महाल)

उत्तर : शर्ट मुळात हिरवाच होता. वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी वेलूरचं हिरवट कापड निवडलं, पण सेटवरच्या झगझगीत दिव्यांत ते फिल्मवर सोनेरी उतरायचं. कर्क कधीकधी जो पुढून गुंडाळायचा अंगरखा घालतो त्याचं कापड वेगळं, म्हणून तो पडद्यावरही हिरवाच दिसतो. महालातल्या साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली घेतलेला रंग आणि बाहेर उन्हात दिसणारा रंग यांचा अनुभव तुम्हाला मी काय सांगावा! शिवाय हे वेलूर ड्रायक्लीनिंगला टाकलं की आटायचं. तिसऱ्या हंगामात कापडच बदललं.

प्रश्न : कर्कच्या थडग्यावर 'जेम्स आर. कर्क' का? त्याचं नाव जेम्स टी. कर्क ना?

उत्तर : तो दुसरा पायलट भाग, म्हणजे मालिका सुरू होण्याआधी बनवलेला नमुना, 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर'. तोवर 'टी' ठरलेलाच नव्हता. नंतर ठरला, पण दगड पुन्हा कोरला नाही.

प्रश्न : 1982 च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात खलनायक खान कर्कचा जुना सहकारी चेकॉव्ह याला बघताक्षणी ओळखतो. पण खान ज्या भागात आला त्या 'स्पेस सीड'मध्ये चेकॉव्ह होता कुठे? (प्रतापनगरातले दोन भाऊ, पैज लावून बसलेले)

उत्तर : पैज कोणी काय लावली ते लिहिलं नाहीत, तेव्हा निकाल घरीच लावा. 'स्पेस सीड' 16 फेब्रुवारी 1967 चा, पहिल्या हंगामातला. चेकॉव्हची भूमिका करणारे वॉल्टर कोनिग दुसऱ्या हंगामात, त्याच वर्षी सप्टेंबरपासून दिसू लागले. म्हणजे दोघांची मालिकेत गाठ पडलेलीच नाही. हा निव्वळ पटकथेतला घोटाळा.

पण चाहते चिवट असतात. त्यांनी वाट काढली ती तारीख-पंचांगातून. 'कॅट्सपॉ' या भागात चेकॉव्ह आहे आणि त्याची स्टारडेट 3018.2 आहे. 'स्पेस सीड'ची 3141.9. म्हणजे कथेच्या कालगणनेत चेकॉव्ह आधीच यानावर होता, फक्त कॅमेऱ्यासमोर आला नव्हता. युक्तिवाद वकिली आहे, हायकोर्टात टिकेल. कोनिग यांचं स्पष्टीकरण मला जास्त आवडतं. ते संमेलनांत सांगायचे की चेकॉव्ह संडासात बराच वेळ अडून बसला होता आणि बाहेर खान ताटकळत होता. असा चेहरा माणूस विसरेल का?

प्रश्न : नवीन आवृत्तीत मारामारीच्या वेळी कर्कऐवजी भलताच माणूस दिसतो. पूर्वी का दिसत नव्हता? (वर्धा रोड)

उत्तर : तेव्हाही होता, तुमचा टीव्ही लहान होता. 'स्पेस सीड'मधली इंजिन-कक्षातली कर्क-खान झटापट घ्या. डमी इतके उघड आहेत की केसांची ठेवणसुद्धा वेगळी. पण हे काम साठच्या दशकातल्या छोट्या, मुंग्या येणाऱ्या पडद्यासाठी, आणि एकदाच बघण्यासाठी केलेलं होतं. 2006 मध्ये मूळ फिल्मवरून स्वच्छ आवृत्ती काढायला सुरुवात झाली आणि अंतराळातली जुनी दृश्यं संगणकावर नव्याने बनवली. तिथे मात्र माझी तक्रार आहे. जुन्या दृश्यांत एंटरप्राइझ बहुतेक वेळा उजव्या बाजूनेच दिसते, का माहितेय? मोठ्या मॉडेलच्या दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने आत नेल्या होत्या, म्हणून ती बाजू कॅमेऱ्यासाठी सजवलीच नव्हती. पायलटच्या वेळचे शॉटही पुढे बिनधास्त वापरले, त्यामुळे कधी इंजिनांच्या टोकाला काटा दिसतो, कधी फिरता दिवा. हे ताडण्यात जी मजा होती ती संगणकाच्या गुळगुळीत यानात नाही. ते अकरा फुटी मॉडेल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

प्रश्न : यानाचा इंजिनिअर स्कॉटी याच्या उजव्या हाताचं मधलं बोट काही शॉटमध्ये गायब असतं. ही चूक धरावी का? (कामठी)

उत्तर : नाही. स्कॉटी साकारणारे जेम्स डूहान कॅनडाच्या तोफखान्यात होते. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर उतरले आणि त्या रात्री आपल्याच बाजूच्या गोळ्या लागून ते बोट गेलं. छातीवरची गोळी खिशातल्या सिगारेट केसने अडवली. मालिकेत ते हात लपवायचे, बटणं दाबतानाच्या जवळच्या शॉटला कधी दुसऱ्याचे हात वापरायचे. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स'मध्ये ट्रिबल नावाचे केसाळ, गोळ्यासारखे प्राणी कवेत घेऊन ते येतात तेव्हा मात्र बोट नसल्याचं नीट दिसतं. आता दिसलं तर चुकांच्या वहीत लिहू नका.

प्रश्न : त्याच ट्रिबल्सच्या भागात कर्कच्या अंगावर ट्रिबल्सचा ढीग कोसळून संपतो, तरी वरून एकेक का पडत राहतो? आणि यानावरचा अधिकारी स्पॉक त्यांच्या संख्येचा जो आकडा सांगतो तो बरोबर आहे का? (गणिताचे सर, नंदनवन)

उत्तर : वर माणसं बसली होती सर. साधारण पाचशे ट्रिबल शिवून घेतले होते. कोठाराचं दार उघडलं की ते शॅटनरच्या डोक्यावर कोसळायचे, पण वर बसलेल्यांना खाली किती पडले हे दिसत नव्हतं, म्हणून ते आपले टाकतच राहिले. शॅटनरने चेहरा तसाच ठेवून अर्धा प्रसंग टप-टप मार खात केला, आणि दिग्दर्शकाने तो कापला नाही यातच त्याची समज दिसते. कापला असता तर विनोदाचा अर्धा जीव गेला असता.

आकडा अचूक आहे. प्रत्येकाला दहा पिल्लं, म्हणजे एकाचे अकरा. दर बारा तासांना नवी पिढी, तीन दिवसांत सहा पिढ्या. एकापासून सुरू करून दर पायरीला अकराने गुणत सहा पायऱ्या चढा : 17,71,561. स्पॉक हेच सांगतो. त्याने फक्त एकही मरत नाही असं धरलंय, आणि त्या कोठारात पुढे काय सापडतं ते तुम्ही भाग पाहिलाच असेल.