वाचकांचे प्रश्न : आजी, नात आणि थीम पार्क

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे. तिच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदललेला आहे आणि रक्तदाबासाठी रोज गोळ्या सुरू आहेत. घरात ती व्यवस्थित वावरते, पण अर्ध्या तासाहून अधिक वेळ उभे राहिले की तिचे पाय भरून येतात. माझी मुलगी १५ वर्षांची असून तिला मोठ्या रोलरकोस्टरखेरीज कशातच रस नाही. आम्ही पतीपत्नी, मुलगी आणि आई असे चौघे पाच दिवसांसाठी एखाद्या मोठ्या थीम पार्कला जाण्याच्या विचारात आहोत. आई व्हीलचेअरला ठाम नकार देते. मुलगी म्हणते, की आजी बरोबर असली तर आपला सगळा वेळ थांबण्यातच जाईल. दोघींनाही आनंद मिळेल अशी आखणी करता येईल का?

उत्तर : तुमच्या मुलीची तक्रार उद्धटपणाची समजून बाजूला सारू नका, कारण तिच्यात तथ्य आहे. चार माणसे दिवसभर एकाच गटाने फिरू लागली, की चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची ठरते आणि राईड सर्वांत उतावीळ असणाऱ्याच्या निवडल्या जातात. त्यामुळे आजी दमते, नात कंटाळते आणि मधली पिढी दोघींची समजूत काढत राहते. तेव्हा दिवसभर एकत्र राहण्याचा आग्रह आधी सोडावा, असे मला वाटते. दिवसातून दोनदा, म्हणजे दुपारच्या जेवणाला आणि संध्याकाळच्या एखाद्या खेळाला किंवा मिरवणुकीला, चौघांनी नक्की एकत्र यायचे आणि उरलेल्या वेळात दोन-दोनच्या जोड्या करायच्या. या जोड्या मात्र रोज बदलत राहाव्यात. तुम्ही कायम आईबरोबर आणि तुमचे यजमान कायम मुलीबरोबर अशी वाटणी झाली, तर तिसऱ्या दिवशी तुम्हालाच ती सहल आपली वाटेनाशी होईल. शिवाय रोज तासभर तरी आजी आणि नात अशी जोडी असावी. त्या तासात काय पाहायचे हे दोघींनीच ठरवावे आणि त्यात तुम्ही लक्ष घालू नये.

आता पार्कच्या निवडीविषयी. आकारातला फरक इथे फार महत्त्वाचा ठरतो. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा परिसर शंभर चौरस किलोमीटरहून मोठा आहे. त्यात चार स्वतंत्र थीम पार्क असून एकातून दुसऱ्यात जायला बस, मोनोरेल किंवा बोट लागते. त्यांपैकी एपकॉटमधल्या तळ्याभोवतीची नुसती एक फेरीच जवळजवळ दोन किलोमीटरची होते. कॅलिफोर्नियातील मूळचे डिस्नेलँड, जे १९५५ साली सुरू झाले, त्यामानाने आटोपशीर आहे. शेजारच्या दुसऱ्या पार्कचे प्रवेशद्वार अगदी समोर आहे आणि पायी जाण्याच्या अंतरावर हॉटेलेही आहेत. कोपनहेगनचे टिव्होली त्याहूनही जुने, १८४३ सालचे. ते शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाला लागून आहे आणि तिथे बागा, संगीत आणि राईड एकाच आवारात मिळतात. तिथला १९१४ सालचा लाकडी रोलरकोस्टर आजही चालतो आणि त्याच्या गाडीत ब्रेक सांभाळणारा माणूस प्रत्यक्ष बसलेला असतो. तुमच्या कुटुंबासाठी मी नेहमीच आटोपशीर पार्क निवडेन, मग तिथे रोलरकोस्टर दोन कमी असले तरी चालतील. मुलीला ते दोन कमी असल्याचे दुसऱ्या दिवशी आठवणारही नाही. आईच्या गुडघ्याला मात्र प्रत्येक जादा किलोमीटर जाणवेल.

हॉटेल प्रवेशद्वाराजवळ असावे, यासाठी बाकीच्या खर्चात काटछाट करावी लागली तरी करावी. दुपारी ११ ते ४ ही उन्हाची आणि गर्दीची वेळ असते. त्या वेळी आईला खोलीवर जाऊन पाय वर करून पडता आले, तर संध्याकाळी ती पुन्हा ताजी होते. हॉटेल दूर असेल तर ही विश्रांती कागदावरच राहते, कारण एवढी ये-जा करायला नको म्हणून ती तिथल्याच एखाद्या बाकावर बसून राहते.

झोपेचे गणित या सहलीत तुमच्या बाजूने आहे. किशोरवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते, त्यामुळे मुलांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी उठवत नाही. १३ ते १८ या वयात ८ ते १० तासांची झोप आवश्यक मानली जाते. उतारवयात नेमके उलटे होते आणि पहाटेच जाग येते. मोठे पार्क बऱ्याचदा सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे असतात आणि एवढा वेळ कोणालाच पूर्ण लागत नाही. पार्क उघडल्यानंतरचा पहिला तास सर्वांत कमी गर्दीचा असतो. तो तुमच्यापैकी एकाने आईबरोबर शांत राईड, बागा आणि पार्कभोवती फिरणारी आगगाडी यांसाठी वापरावा. रात्रीचे शेवटचे दोन तास मुलीचे. तेव्हा लहान मुले असलेली कुटुंबे परतू लागतात आणि मोठ्या राईडच्या रांगाही बहुधा ओसरतात. एखाद्या सकाळी मुलीला लवकर उठून सर्वांत गाजलेला रोलरकोस्टर गाठायचा असेल तर तिने अवश्य उठावे, पण पाचही दिवस तिला त्यासाठी उठवू नये.

वयाच्या दृष्टीने तुमच्या मुलीला थोडे स्वातंत्र्य देता येते. अमेरिकेतील डिस्नेच्या पार्कांत १४ वर्षांखालील मुलांबरोबर १४ किंवा त्याहून अधिक वयाची व्यक्ती असावी लागते. तुमची मुलगी ती मर्यादा ओलांडून गेली आहे. इतर पार्कांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ते वाचावेत. अनेक मोठ्या राईडना एकट्या व्यक्तीसाठी निराळी रांग असते, तिला तिथे ‘सिंगल रायडर’ म्हणतात. गटांमध्ये रिकाम्या राहिलेल्या जागा या रांगेतून भरतात, त्यामुळे ती बरेचदा लवकर सरकते. फोन चार्ज असणे, ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागी येणे आणि फोन बंद पडला तर कुठे भेटायचे हे पाठ असणे, एवढ्या तीन अटींवर तिला मोकळे सोडावे. आईबरोबर कोणी तरी थांबणे आवश्यकच असेल आणि तुम्हा पतीपत्नीलाही ती राईड घ्यायची असेल, तर कर्मचाऱ्यांना तसे सांगावे. एकजण राईड घेऊन आला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता जाऊ देण्याची सोय पुष्कळ पार्कांत असते. ती मुख्यतः लहान मुलांच्या पालकांसाठी म्हणून ओळखली जात असल्याने ज्येष्ठांबरोबर आलेली माणसे विचारायला संकोचतात. तुम्ही संकोचू नका.

व्हीलचेअरविषयी मात्र आईशी तिथे पोहोचण्यापूर्वी, घरी, निवांतपणे बोलायला हवे. प्रवेशद्वारापाशी, रांगेत, मुलीसमोर हा विषय निघाला तर तिचा नकार अधिकच पक्का होईल. तिला चालता येते हे आधी मान्य करावे. प्रश्न चालण्याच्या क्षमतेचा नसून अंतराचा आहे. मोठ्या पार्कात दिवसाला दहा किलोमीटर चालणे सहज होते आणि एवढे चालणे तुम्हालाही रोजचे नसेल. खुर्चीवर सामान ठेवून ती स्वतः ढकलत चालेल आणि दमली की बसेल, अशीही सोय होऊ शकते. हा पर्याय अनेक मानी ज्येष्ठांना पटतो, कारण त्यात कधी बसायचे हा निर्णय त्यांच्या हातात राहतो. बॅटरीवर चालणारी स्कूटर भाड्याने मिळते, पण जिने पूर्वी कधी ती चालवलेली नाही तिने गर्दीत पहिल्यांदा चालवू नये. पार्कातल्या खुर्च्या बहुधा आधी राखून ठेवता येत नाहीत आणि जो आधी येईल त्याला मिळतात; त्यामुळे दुपारी लागली तर बघू, असे ठरवलेत तर दुपारी ती मिळेलच असे नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. व्हीलचेअर असली की रांग टाळता येते, असे अनेकांना वाटते. आजच्या बहुतेक मोठ्या पार्कांत रांगाच खुर्ची जाईल इतक्या रुंद बांधलेल्या असतात आणि खुर्चीवरील पाहुण्यांनीही त्याच रांगेतून जायचे असते. डिस्नेच्या अमेरिकेतील पार्कांनी रांगेबाहेर थांबण्याची विशेष सवलत २०२४ पासून प्रामुख्याने स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांपुरती ठेवली आहे. गुडघेदुखीसाठी ती मिळेल असे धरून चालू नये. रांग लहान करण्याचे जादा पैशांचे तिकीट घ्यायचे असेल, तर ते सर्व दिवसांसाठी न घेता मुलीच्या सर्वांत आवडीच्या एका दिवसासाठी घ्यावे.

आईच्या राईड निवडताना वेगाइतकाच चढण्या-उतरण्याचाही विचार करावा. होडी संथ असते, पण तिच्यात उतरताना खोल पायरी लागते आणि बसल्यावर गुडघा किती वाकवावा लागेल हे आधी दिसत नाही. काही राईडच्या गाड्या थांबतच नाहीत आणि सरकत्या पट्ट्यावरून चालत त्यांत बसावे लागते. कर्मचाऱ्यांना आधी सांगितले तर अशा काही ठिकाणी पट्टा मंद करतात किंवा थांबवतात. मोठे पार्क प्रत्येक राईडची अशी माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध करतात. ती वाचून आईला झेपतील अशा राईडची यादी करावी आणि जाण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना दाखवावी. ‘सहलीला गेले तर चालेल का’ या प्रश्नाला डॉक्टर मोघम होकार देतील. यादी समोर असली म्हणजे नेमके उत्तर मिळते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीचे प्रमाण वाढते, आणि वयोमानाने तहानेची जाणीवही कमी होते. ही दोन्ही कारणे एकत्र आली तर उन्हात शरीरातील पाणी लवकर घटते. तहान लागण्याची वाट न पाहता तिने किती वेळाने किती पाणी प्यावे, हेही डॉक्टरांनाच विचारावे. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर लगेच गार जागी न्यावे. बोलण्यात असंबद्धपणा आला तर क्षणही न दवडता वैद्यकीय मदत बोलवावी. प्रथमोपचार केंद्र कुठे आहे हे पहिल्याच सकाळी सर्वांनी पाहून ठेवावे. औषधे विमानात हातातल्या पिशवीत असावीत, आणि प्रवासविम्याच्या अर्जात गुडघा व रक्तदाब या दोन्हींची नोंद न चुकता करावी, कारण लपवलेल्या आजारावरचा दावा नाकारला जाऊ शकतो. विमानतळावरील व्हीलचेअरसाठी विमान कंपनीला निदान दोन दिवस आधी कळवावे.

प्रश्न : माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. वय ७८. माझ्या १३ वर्षांच्या मुलाबरोबर त्यांचे फार गूळपीठ आहे आणि ‘आजोबांना विसरण्याआधी घेऊन जाऊ’ असे तोच म्हणतो. न्यावे का?

उत्तर : तुमच्या मुलाच्या मनातील घाई मला समजते आणि ती फार मोलाची वाटते. न्यावे, पण बेत लहान करावा. या आजारात अनोळखी जागा, गोंगाट आणि झगमगते दिवे यांनी गोंधळ वाढतो. संध्याकाळी तर तो अधिकच वाढलेला दिसतो. म्हणून पार्कात जास्तीत जास्त दोन सकाळ घालवाव्यात, दुपारच्या आत परतावे, आणि आतिशबाजी तसेच अंधारातल्या राईड पूर्णपणे वगळाव्यात. जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा घरच्याप्रमाणेच ठेवाव्यात. ‘इथे बाकावर बसा, आम्ही दहा मिनिटांत येतो’ असे त्यांना एकदाही सांगू नये. बाकावर बसायचे आहे हेच ते विसरू शकतात. मनगटावर नाव व तुमचा फोन क्रमांक असलेला पट्टा बांधावा आणि रोज निघताना त्यांचे त्या दिवसाच्या कपड्यांतले छायाचित्र काढून ठेवावे. सोबतीला येणाऱ्या व्यक्तीलाही आत जाता येईल असे स्वतंत्र स्वच्छतागृह मोठ्या पार्कांत असते, ते नकाशावर आधी शोधावे.

मुलाला आजाराची पूर्ण कल्पना द्यावी, मात्र आजोबांवर नजर ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. तो तेरा वर्षांचा आहे. आजोबा गर्दीत दिसेनासे झाले तर तो स्वतःला आयुष्यभर दोष देत राहील. नजर ठेवणारा मोठा माणूस कायम वेगळा असावा, म्हणजे मुलाला केवळ आजोबांच्या शेजारी बसण्याचे सुख घेता येईल.

प्रश्न : मी स्वतः ७१ वर्षांची आहे. मुले-नातवंडे मला थीम पार्कला चलण्याचा आग्रह करत आहेत. मला गर्दी सोसत नाही, पण नाही म्हटले तर त्यांचे मन मोडेल. मी काय करावे?

उत्तर : आपण आपली अडचण मुलांना जशी मला लिहिलीत तशीच सांगावी. घरातले सगळे आपल्याला कुठे न्यायचे यावर बोलत असतील, पण आपल्याला काय आवडेल हे कोणी विचारले नसेल, असा माझा अंदाज आहे. सहलीला जावे आणि पार्कात रोज जाऊ नये, हा मधला मार्ग पूर्णपणे रास्त आहे. पाच दिवसांपैकी दोन दिवस, तेही सकाळचे काही तास, आपण बरोबर राहावे. उरलेल्या वेळी हॉटेलात वाचन करावे, जवळच्या बागेत बसावे आणि संध्याकाळी नातवंडांकडून दिवसाची हकिकत ऐकावी. पार्कात न जाण्याच्या दिवसांचे तिकीट आपल्यासाठी काढू नका, असे आधीच बजावावे. नाही तर पैसे वाया जातील या विचाराने आपण मनाविरुद्ध निघाल. ज्या दोन दिवशी जाल, त्यातला निदान एक कार्यक्रम आपल्या पसंतीचा असावा, मग ते संगीत असो, बसून पाहायचे नाटक असो की फुलांचे ताटवे. तो कोणता, हे मुलांनी तिकिटे काढण्याच्या आधीच त्यांना कळवावे.