एक कप मैदा म्हणजे नेमके किती ग्रॅम?

ताई, दोन कप मैदा नीट मोजून घेतला तरी बनाना ब्रेड कोरडा आणि घट्ट का झाला आणि एक कप म्हणजे किती ग्रॅम धरायचे, असं तुम्ही विचारलंय. फरक कप भरण्यात पडलाय. डब्यात कप खुपसून, दाबून मैदा काढला तर २४० मिलीच्या कपात १४५-१५० ग्रॅम सहज बसतो, आणि तोच मैदा आधी मोकळा करून चमच्याचमच्याने कपात टाकला, वरून सुरीच्या पाठीने सपाट केला तर १२०-१२५ भरतो. म्हणजे दोन कपांत ५०-६० ग्रॅम जास्तीचा गेला, जवळजवळ अर्धा कप, आणि केळी-दूध तेवढंच राहिलं.

आपल्याकडे धान्य मापताना शिगेचं माप घ्यायचं की सपाट हे आधी ठरायचं ना, तसंच आहे हे. बट्टीचं पीठ वाटीने घेतलं तरी चालून जातं कारण पाणी आपण हाताच्या अंदाजाने घालतो, पीठ कसं लागतंय ते बोटांना कळतं. केकमध्ये तसं नाही, तिथं ओलं सगळं आधीच ठरलेलं असतं. मी धुळ्यात घरून केकच्या ऑर्डर घेते, सुरुवातीची दोन वर्षं कपानेच मोजायचे आणि एकच केक एकदा मऊ, एकदा भुसभुशीत व्हायचा, काटा घेतल्यावर ते थांबलं.

काटा नसेल तर असं करा. मैद्याचं ५०० ग्रॅमचं न फोडलेलं पाकीट परातीत ओता, मोकळं करा आणि तुम्ही नेहमी भरता तसेच कप भरून मोजा. चार कप भरले तर तुमचा कप १२५ चा, साडेतीनच भरले तर १४३ चा. हा आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. कप किती मिलीचा तेही बघा, कारण बाजारात २४० चे पण मिळतात आणि २५० चे पण, लिहिलेलं नसेल तर एक लिटरच्या बाटलीतलं पाणी ओतून बघा, बरोबर चार कप झाले तर २५० चा.

पण मैद्याचा आकडा सगळ्याला लावू नका हं, साखर कपाला २०० ग्रॅम, लोणी २२५ च्या आसपास, बारीक रवा १६५-१७० पर्यंत जातो. आणि रेसिपीत "एक कप चाळलेला मैदा" असेल तर चाळून मग मोजायचा, तो ११०-११५ च भरतो. "एक कप मैदा, चाळून" असेल तर आधी मोजायचा.

कणकेचं विचारलंत, तर चक्कीवरून आणलेलं गरम पीठ फुललेलं असतं, आठ दिवसांनी डब्यात बसतं, त्यामुळे कपाने घेतलं तर वजन बदलणारच. मैद्याऐवजी कणीक वजनाला वजन घ्या, पण कोंडा पाणी जास्त ओढतो म्हणून दूध दोन-तीन चमचे वाढवा आणि मिश्रण दहा मिनिटं ठेवून मग भाजा. बट्टीसाठी दळलेलं मका घातलेलं जाडसर पीठ मात्र केकला नको.

केळीसुद्धा वजनावरच घ्या. आपल्या जळगावची केळी चांगली मोठी असतात, आणि रेसिपीत नुसतं "तीन केळी" लिहिलेलं असतं. कुस्करलेला एक कप साधारण २२५ ग्रॅम, सोलून मग वजन करायचं. फक्त सोडा आणि बेकिंग पावडर चमच्यानेच मोजा, साधा काटा दोन-चार ग्रॅम नीट दाखवत नाही, ५ मिलीचा मापाचा चमचा सपाट करून घ्या.

पाकिटाचं मोजून झालं की तुमच्या कपाचा आकडा कळवा, मी तुमची पूर्ण रेसिपी ग्रॅममध्ये करून देते.