मालिकेतल्या किंवा कादंबरीतल्या पात्राचं नाव बाळाला ठेवावं का?

खुशाल ठेवा, फक्त गोष्ट संपलेली असू द्या! 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेच्या चाहत्यांची यात चांगलीच पंचाईत झाली. अमेरिकेत २०१८ साली साडेपाचशेहून जास्त मुलींचं नाव 'खलीसी' ठेवलं गेलं. गुलामांना सोडवणारी, ड्रॅगनवर बसणारी राणी, आईबाप भाळणारच. मे २०१९ मध्ये शेवटच्या भागांत तिनेच शरण आलेलं शहर जाळून टाकलं. आता बारशाला ठेवलेलं नाव परत कसं घेणार?

त्याच मालिकेतल्या 'आर्या'चं मात्र आपल्याकडे काही बिघडत नाही. नाव आधीपासूनच घराघरात आहे. मालिका पाहून ठेवलंत हे कानात कुर्र करणाऱ्या आत्यालाही कळणार नाही. माझं मत विचाराल तर असंच काहीतरी निवडा. 'व्हेनेसा' हे नाव आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टने कवितेसाठी रचलं, 'वेंडी' १९०४ च्या 'पीटर पॅन' नाटकामुळे पसरलं. आज ती साधी रोजची नावं झाली आहेत.

आणि हो, ठरवण्याआधी गॅलरीत उभं राहून त्या नावाने खाली मोठ्याने हाक मारून बघा. लाज वाटली तर ते घरातलं लाडाचं नाव राहू द्या, जन्मदाखल्यावर दुसरं घाला.