'ट्रिपल थ्रेट' म्हणजे 'अष्टपैलू' का?

प्रश्न असा: अमेरिकन खेळाडू जिम थॉर्पवर मराठीत लिहिताना अमेरिकन फुटबॉलमधल्या 'ट्रिपल थ्रेट' या शब्दासाठी 'अष्टपैलू' चालेल, की 'तिहेरी धोका' म्हणावे?

'तिहेरी धोका' नकोच. तो हवामान खात्याचा इशारा वाटतो. मराठीत गोलंदाज 'धोकादायक' असतो, 'धोका' नसतो.

'अष्टपैलू' चुकीचा नाही, पण थॉर्पच्या बाबतीत तो शब्द आधीच दुसरीकडे खर्ची पडतो. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकणारा, पुढे व्यावसायिक बेसबॉलही खेळणारा माणूस तो. 'अष्टपैलू' वाचल्यावर डोळ्यांसमोर हेच सगळे येते. 'ट्रिपल थ्रेट'चा अर्थ त्याहून नेमका आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणे, तो हाताने पुढे फेकणे आणि किक मारणे, ही तिन्ही कामे तितक्याच तयारीने करणारा गडी.

यात 'थ्रेट' कुठे, तर समोरच्याला पडणाऱ्या पेचात. त्या काळी चेंडू बऱ्याचदा थेट मागे उभ्या असलेल्या बॅककडे जायचा. बचाव करणारे त्याला रोखायला पुढे सरसावले, की तो डोक्यावरून फेकणार. ते मागे थांबले, तर धावणार. बचावाची मागची फळी पुढे आली, तर पंट मारून, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू जमिनीला लागण्याआधीच किक मारून, तो त्यांच्या पाठीमागे टाकणार. आधीच्या पिढीकडे हे तिन्ही पर्याय एकत्र नव्हतेच, कारण पुढे फेकायला परवानगी १९०६मध्ये मिळाली. म्हणून पहिल्या उल्लेखात 'धाव, फेक आणि किक अशा तिन्हींत तरबेज' असे लिहावे आणि पुढे खुशाल 'ट्रिपल थ्रेट' वापरावे. ('लाथाडणे' मात्र टाळा, थॉर्पने कुणाचा अपमान केलेला नाही.)

लिहिताना आणखी काही शब्द घात करतात. थॉर्पची जागा हाफबॅकची, पण हाफबॅक म्हणजे सॉकरमधला मध्यरक्षक नव्हे. थॉर्प चेंडू घेऊन धावायचा आणि बचावातही उतरायचा. 'फील्ड गोल'चा (किक मारून चेंडू गोलखांबांमधून आडव्या दांडीवरून नेण्याचा) नुसता 'गोल' केला, तर गुणांचा हिशेब लागत नाही. १९११मध्ये त्याच्या कार्लाइल शाळेच्या संघाने हार्वर्डला १८-१५ असे हरवले, तेव्हा थॉर्पने चार फील्ड गोल मारले. प्रत्येकी तीन, म्हणजे १८पैकी १२ गुण नुसत्या किकचे. टचडाउनचे (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे) त्या वर्षी पाचच गुण होते, सहा झाले १९१२पासून. आजचा आकडा जुन्या सामन्याला लावला, की बेरीज चुकते.

सर्वांत मोठी फसगत संघाच्या नावात आहे. 'कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल'चे 'भारतीय औद्योगिक शाळा' करू नका. पेनसिल्व्हेनियातली ती निवासी शाळा अमेरिकेतल्या मूलनिवासी मुलांसाठी होती आणि थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा. ते कॉलेजही नव्हते. सामने मात्र कॉलेजांच्या संघांशी होत, म्हणून तो 'कॉलेज फुटबॉल'चा खेळाडू.